सात महिने एसी वापरल्यावर: गारवा छान, पाण्यानं मात्र रडवलं

गुढीपाडव्याला दीड टनी, तीन स्टारचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी घेतला. आता ऑक्टोबरचा उकाडा सुरू आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार मशीनबद्दल कमी आणि ते भिंतीवर टांगून गेलेल्यांबद्दल जास्त आहे. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे. दोन घरं सोडून टॉवेलचे माग आहेत. हे मागांचं लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

गारव्याबद्दल फार लिहीत नाही. वरच्या मजल्यावरची खोली, दिवसभर तापलेला स्लॅब, मे महिन्यात बाहेर ४३. तरी २६ वर ठेवून वर पंखा लावला की अर्ध्या तासात बरं वाटायचं. मामा, म्हणजे माझे सासरे, आधी 'कूलर काय वाईट होता' म्हणत होते, तेच दुपारी उशी घेऊन आमच्या खोलीत यायला लागले. इथपर्यंत पाचपैकी पाच.

फिटिंगला दोन पोरं आली होती. पाऊण तासात मशीन टांगलं, चहा घेतला, गेली. ड्रेन पाइप, म्हणजे एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी, गॅलरीतून फिरवून एका बादलीत सोडला. एप्रिल-मेमध्ये सकाळी त्या बादलीच्या तळाला जेमतेम बोटभर पाणी असायचं. मला वाटलं, चला, पाण्याची कटकट नाही. तिथंच फसले.

मृग लागला, दोन सरी पडल्या आणि तिसऱ्या रात्री अडीच वाजता माझ्या पायावर टप टप. आधी वाटलं स्लॅब गळतोय. दिवा लावला तर इनडोअर युनिटच्या डाव्या कोपऱ्यातून धार लागलेली, खाली चादर ओली आणि भिंतीवर रंगाचा फुगा आलेला. पहाटेपर्यंत पलंग सरकवून खाली परात ठेवून झोपलो.

दोन महिने काही नाही आणि पावसाबरोबर गळती, असं का, हे मला नंतर समजलं. खोलीतली हवा इनडोअर युनिटमधल्या गार कॉइलवरून (गॅस फिरणाऱ्या नळ्यांच्या जाळीवरून) जाते, तेव्हा तिच्यातली वाफ कॉइलवर पाणी होऊन बसते. पण त्यासाठी कॉइल हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्यापेक्षा, थंड लागते. आपल्या उन्हाळ्यात ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर दवबिंदू जेमतेम अकराच्या आसपास येतो. कॉइलही साधारण तेवढीच गार, त्यामुळे पाणी सुटतच नाही म्हणा ना. पावसाळ्यात २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता झाली की दवबिंदू चोविसावर जातो. जुलैत आमच्या बादलीत रात्रीतून आठ-नऊ लिटर पाणी जमायचं. म्हणजे फिटिंगचा दोष पाडव्यापासूनच होता, सोलापूरच्या कोरड्या हवेनं तो झाकून ठेवला होता. मुंबईत हेच मशीन पहिल्याच रात्री गळलं असतं.

पहिला मेकॅनिक आला, त्यानं फिल्टर झटकला आणि दोन मिनिटांत निदान केलं, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." तीन महिन्यांचं मशीन! गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो, कमी झाला तर कुठेतरी लीक असणार. शिवाय गॅस कमी पडला की कॉइलच्या काही भागावर बर्फ धरतो, खोली नीट गार होत नाही, आणि बर्फ वितळताना पाणी सांडतं. आम्ही समोरचं झाकण उघडून बघितलं, तर कॉइल सगळीकडे सारखी ओली, बर्फाचा कणही नाही, गारवा जसाच्या तसा. त्याला चारशे रुपये व्हिजिटचे दिले आणि वाटेला लावलं.

मग शेजारच्यांनी एका काकांना आणलं. वय साठीच्या पुढं, हातात फक्त पाण्याची बाटली आणि एक लेव्हल, म्हणजे उतार बघायची बुडबुड्याची नळी. आधी एमसीबी पाडला, झाकण काढलं, कॉइलचं पाणी जमा होणाऱ्या खालच्या ट्रेमध्ये हळूहळू बाटली ओतली. बाहेर पाइपातून एक थेंब नाही. पाणी ट्रेच्या डाव्या टोकाला जाऊन बसलं आणि तिथूनच खाली. लेव्हल ठेवली तर बुडबुडा उजवीकडे, म्हणजे उजवी बाजू वर. काका म्हणाले, "ताई, मशीन चांगलंच हाय. पाइप उजव्या अंगाला आन् उतार डाव्या अंगाला. पाणी काय चढावर जातंय का?"

नुसता उतारच नव्हता. गॅलरीत पाइपाला मधेच झोळ पडला होता, त्यात पाणी साचून राहायचं. आणि टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं. बादली भरत आली की टोक बंद, झोळात पाणी, मधे अडकलेली हवा. वरचं पाणी येणार कुठून? काकांनी मागची पट्टी सोडवून युनिट पाइपाच्या बाजूला किंचित कलतं बसवलं, पाइप कापून छोटा केला, क्लिपा मारल्या, टोक बादलीच्या काठाच्या वर बांधलं. पुन्हा बाटली ओतली, तर बाहेर सुर्रकन धार. साडेतीनशे रुपये. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं होतं की फिटिंगचा दोष वॉरंटीत येत नाही, त्यामुळे भिंतीचा रंग आमच्याच खिशातून.

ऑगस्टमध्ये पुन्हा टपटप. या वेळी उतार बरोबर होता. इथं ते माग आले. हवेत सुताची बारीक तुसं असतात, फिल्टरमधून सुटलेली ओल्या कॉइलला चिकटतात, धुऊन ट्रेमध्ये उतरतात, आणि तिथं शेवाळासारखा बुळबुळीत गाळ तयार होतो. मी शहाणपणा केला, सायकलचा पंप बाहेरच्या टोकाला लावून जोरात हवा मारली. गाळ उलटा वर गेला आणि ट्रेमधून उसळून नव्या रंगावर काळे शिंतोडे! आमचे हे दोन दिवस त्या भिंतीकडे बघून फक्त हसत होते. तर, फुंकायचं नाही, ओढायचं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी पाइपाच्या टोकाला ओल्या फडक्यानं घट्ट धरली आणि मिनिटभर चालवली. पाणी ओढू शकणारं मशीन हवं, साधं घरगुती असलं तर मोटर जाईल. आम्ही मागावरच्या ओळखीतून मागून आणलं. बोटभर लांबीचा करडा, जेलीसारखा गोळा निघाला, सुताचे धागे स्पष्ट दिसत होते. मग वरून कोमट पाणी ओतलं. ब्लीचिंग पावडर कुणी सुचवली तर घालू नका, कॉइलवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या खराब होतात. तेव्हापासून फिल्टर दर रविवारी नळाखाली धरते. पुस्तिकेत दोन आठवडे लिहिलंय, ते आमच्या गल्लीसाठी नाही.

एक फरक आम्हालाही उशिरा कळला. पाणी युनिटच्या पुढून पडत असेल तर ड्रेन बघा. भिंतीतल्या भोकाजवळून, तांब्याच्या नळीखालून ठिबकत असेल तर बहुधा वरचा फोम तुटलेला असतो आणि उघड्या गार नळीला घाम सुटतो. आमच्याकडे तेही झालं, फोमचा तुकडा आणि टेप गुंडाळून मिटलं.

बादलीतलं पाणी मामा टाकू देत नाहीत. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ते बरोबरच आहे. फरशी पुसायला उत्तम, बोअरच्या पाण्यासारखे पांढरे डाग राहत नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मात्र मी नाही म्हटलं, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश उतरलेला असतो.

मशीनला चार, फिटिंगला शून्य. सध्या गळती नाही. फक्त खोलीचं दार लावून बाथरूमचा एक्झॉस्ट सुरू केला की इनडोअरमधून हुक्का ओढल्यासारखा गुळगुळ आवाज येतो. एक्झॉस्ट खोलीतली हवा बाहेर ओढतो, तिच्या जागी बाहेरची हवा ड्रेन पाइपातून आत शिरते आणि पाइपातलं पाणी बुडबुडतं. खिडकी बोटभर उघडली की आवाज बंद. पण खिडकी उघडली की डास येतात, म्हणून सध्या तरी गुळगुळ ऐकतोय.