पुरुषाचा पहिला जपानी पोशाख: युकाता की किमोनो?

जपानमध्ये सम्राट मेइजीच्या सरकारने १८७२ साली सरकारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख ठरवून दिला आणि कचेरीतला जपानी पुरुष हळूहळू सुटाबुटात गेला, तरी घरी परतल्यावर किमोनो नेसण्याची रीत पुढेही बराच काळ टिकून होती. आज बहुतेकांचा संबंध लग्नातल्या पाच कुलचिन्हांच्या काळ्या किमोनोशी, नाहीतर उन्हाळ्यात आतषबाजी पाहायला जाताना घातलेल्या युकाताशी येतो, तेवढाच. त्यामागे नावडीपेक्षा ‘आज काय विशेष?’ या प्रश्नाचा संकोच अधिक असतो.

युकाताला हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण जुलै-ऑगस्टमध्ये ऋतूच निमित्त पुरवतो. तो सुती व बिनअस्तराचा असतो, घरी धुता येतो आणि पायांत नुसते लाकडी गेता चालतात. मात्र नोव्हेंबरात तोच घालून बाहेर पडलेला माणूस न्हाणीघरातून थेट रस्त्यावर आल्यासारखा दिसतो. (थंडीतही युकातावर हिंडतात ते सुमोतले सर्वांत खालच्या श्रेणींचे मल्ल, तेही नियम आहे म्हणून.)

किमोनोचा पसारा मोठा आहे. आत जुबान (किमोनोखालचा झगा), पायांत ताबी (अंगठा वेगळा असलेले मोजे), वर हाओरी (जाकिटासारखा अंगरखा), शिवाय रेशमी असेल तर धुलाईसाठी जाणकार कारागीर गाठावा लागतो. पण त्याची गंमतही तशीच आहे: बाहेरून करडी, निरस वाटणारी हाओरी उलटून पाहावी, तर अस्तरावर फुजी पर्वत किंवा वाघ रंगवलेला निघतो.

खरी अडचण मापाची असते. स्त्रियांच्या किमोनोत कमरेशी दुमड घालून उंची जुळवता येते. पुरुषांच्या किमोनोत ती सोय नाही, त्यामुळे तो घोट्यापर्यंत नेमका उतरावा लागतो. जुने किमोनो स्वस्त मिळतात, परंतु ते त्या काळच्या ठेंगण्या अंगलटीला बेतलेले असल्याने उंच माणसाची मनगटे आणि पोटऱ्या उघड्या पडतात. ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा, पोटाखाली बांधायची असल्यामुळे सुटलेले पोट इथे उपयोगी पडते आणि सडपातळ माणसालाच कमरेला टॉवेल गुंडाळावा लागतो.

म्हणून पहिल्या खरेदीत स्वस्त जुन्या रेशमाच्या मोहात न पडता, जपानच्या तोकुशिमा प्रांतातल्या शिजिरासारख्या सुरकुतीदार सुती कापडाचा एक पोशाख मापाने शिवून घ्यावा, असे माझे मत आहे. उन्हाळ्यात तो युकाता म्हणून वापरता येतो आणि सप्टेंबरात आत जुबान व पायांत ताबी घातले की किमोनो म्हणून शोभतो. लग्नापुरताच काळा किमोनो हवा असेल, तर तो भाड्याने आणावा.