दोष खांबात की गाडीत? आरव्हीसाठी ईएमएस-पीटी३०एक्सचे परीक्षण

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे फिरते घर (आरव्हीचा एक प्रकार), घेऊन फिरणाऱ्याला वीज मिळते ती कॅम्पग्राउंडमधल्या खांबावरच्या पेटीतून, आणि ती पेटी कोणी, कधी व कशी जोडली आहे हे प्लग लावताना त्याला ठाऊक नसते. दिवे मंदावले किंवा एसी घरघरून थांबला, की दोष खांबात आहे की गाडीत, हे आधी ठरवावे लागते. प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीज या कंपनीचे ३० अँपिअरचे ईएमएस-पीटी३०एक्स हे उपकरण एवढा एकच निवाडा करते, आणि तो चोख करते.

खांब आणि ट्रेलरची केबल यांच्यामध्ये ते लावायचे असते. वीज आत सोडण्यापूर्वी ते १३६ सेकंद थांबते. एसीचा कंप्रेसर बंद पडताच लगेच पुन्हा सुरू होऊ नये, यासाठी हा विलंब आहे. फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली असेल, अर्थिंग तुटलेले असेल, अथवा व्होल्टेज (तिथे नेहमीचे १२०) १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर असेल, तर ते वीज तोडते आणि पडद्यावर दोषाचा क्रमांक दाखवते. यांपैकी अर्थिंगची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. अर्थिंग नसलेल्या खांबाला जोडलेल्या ट्रेलरमध्ये एखाद्या उपकरणातून वीज गळू लागली, तर ट्रेलरची धातूची चौकटच विद्युतभारित होते आणि ओल्या जमिनीवर उभे राहून दाराच्या कडीला हात लावणाऱ्याला धक्का बसतो. निव्वळ सर्ज प्रोटेक्टर म्हणून विकले जाणारे स्वस्त साधन व्होल्टेजची क्षणिक उसळी झेलते, पण कमी व्होल्टेजवर चालून एसी हळूहळू जळत असेल तर त्याचा काही उपयोग नसतो.

ॲरिझोनातील एका कॅम्पग्राउंडमध्ये भर उन्हाळ्याच्या दुपारी प्रत्येक गाडीतला एसी चालू असताना आमची वीज वारंवार जात होती. पडद्यावर ई४, म्हणजे कमी व्होल्टेज, असे दिसत होते. संध्याकाळी भार उतरल्यावर आकडा आपोआप ११५ च्या पुढे गेला. ट्रेलर उघडून बसण्याची वेळ त्यामुळे टळली. मात्र भारतातल्या स्टॅबिलायझरची सवय असलेल्यांनी लक्षात घ्यावे, की हे उपकरण व्होल्टेज सुधारत नाही, फक्त वीज तोडते. व्होल्टेज वाढवायचे असेल, तर ऑटोट्रान्सफॉर्मरवर चालणारे वेगळे आणि बरेच महाग यंत्र घ्यावे लागते.

पडद्यावर अँपिअरही दिसतात, याचा उपयोग रोजचा आहे. एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेवर चालणारा पाण्याचा हीटर ही प्रत्येकी साधारण १२ ते १५ अँपिअर घेणारी तीन उपकरणे एकत्र चालली, की ३० अँपिअरचा ब्रेकर पडणारच. त्यात बिघाड काहीच नसतो.

खांब निर्दोष ठरला, की उपकरणाचे काम संपते. स्नानगृहातले आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरचे सॉकेट एकदम बंद पडले असतील, तर आधी जीएफसीआय सॉकेटचे (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या सॉकेटचे) रीसेट बटण दाबून पाहावे, कारण बाकीचे सॉकेट बहुधा त्याच्याच पुढे जोडलेले असतात. दिवे, पाण्याचा पंप आणि पंखे १२ व्होल्टवर चालतात, आणि त्या बाजूचे या उपकरणाला काहीही दिसत नाही. तिथे साधा मल्टिमीटरच लागतो. खांबाची वीज चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३ व्होल्टच्या वर आकडा यायला हवा. तो साडेबारा किंवा त्याहून कमी असून उतरतच असेल, तर कन्व्हर्टर, म्हणजे खांबाच्या विजेपासून १२ व्होल्ट तयार करणारे यंत्र, चार्जिंग करत नाही. अशा वेळी नवा कन्व्हर्टर मागवण्याआधी त्याचा ब्रेकर आणि बॅटरी उलटी जोडली गेल्यास उडणारे त्याचे फ्यूज पाहावेत.

लहान इन्व्हर्टर जनरेटरवर हे उपकरण बहुधा ई२, म्हणजे अर्थिंग नाही, असे दाखवून अडून बसते, कारण अशा जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले नसतात. त्यांना जोडणारा खास प्लग मिळतो; तो फक्त जनरेटरलाच लावावा, खांबाला कधीही नाही.

किंमत साध्या सर्ज प्रोटेक्टरच्या कितीतरी पट आहे आणि उपकरण रात्रंदिवस उघड्यावर लटकते, त्यामुळे कुलपाची सोय करावी लागते. ट्रेलर दीर्घकाळ ठेवणार असाल, तर आत कायम बसवायचा प्रकार घ्यावा. ज्यांची गाडी ५० अँपिअरची आहे, त्यांनी त्याच क्षमतेचे मॉडेल निवडावे. तिथे दोन फेज असतात आणि न्यूट्रल तुटल्यास एका फेजवरच्या उपकरणांना १२० च्या बरेच वर व्होल्टेज मिळू शकते.