देशी गाडी का परदेशी?

दाजी नवी गाडी बघायलेत, टाटाची नेक्सॉन का स्कोडा यावरून घरात रोज वाद. आता स्कोडाला परदेशी म्हणावं तर तिचा कारखाना आपल्या संभाजीनगरच्या शेंद्र्यात, अन् देशी टाटाकडं परदेशी जग्वार! हायवेला स्कोडा भारीच, 100 ला पण कशी रस्त्याला धरून चालते. पण ग्लोबल एनकॅपमधी (गाडी आदळून ती किती सुरक्षित ते बघायची चाचणी) 5 स्टार घेणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉनच, 2018 ला. अन् आमच्या केजकडं शेताच्या रस्त्याला पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, तिथं खालून घासणारी गाडी काय कामाची? माझ्या जुन्या गाडीचा (परदेशीच होती, कोणती ते जाऊद्या) साइड मिरर फुटला तर पार्ट यायला 18 दिवस, तोवर चिकटपट्टी लावून फिरलो. मी देशीच घ्या म्हणलो, ताईला मात्र फक्त सनरूफ पायजे.