स्वादुपिंडामुळे आलेला मधुमेह आणि दंडावरचा शुगर सेन्सर: सात-आठ महिन्यांनंतर

दंडाला चिकटवायचा, दिवसरात्र शुगर दाखवणारा सेन्सर घ्यावा का, याचा आधी निकाल सांगतो. साधा टाइप २ असेल आणि गोळ्यांवर शुगर आटोक्यात असेल, तर एवढा खर्च करू नका, ग्लुकोमीटर पुरतो. पण मधुमेह स्वादुपिंडाच्या जुन्या दुखण्यातून आलाय आणि इन्सुलिन चालू आहे, तर डॉक्टरांशी बोलून जरूर घ्या.

मला क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज आहे. सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या नळीत खडे निघाले. (दारूला कधी शिवलो नाही, तरी पहिला प्रश्न तोच येतो.) या दुखण्यात ग्रंथी वारंवार सुजते आणि हळूहळू आतून निबर होत जाते. पाचकरस कमी पडतात, शौचाला तेलकट होतं, वजन उतरतं. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके त्याच ग्रंथीत विखुरलेले असतात, तेही यात मरत जातात. याला टाइप ३सी म्हणतात. फायलीवर मात्र बऱ्याचदा टाइप २च लिहिलेलं असतं, माझ्याही होतं.

खरी मेख पुढे आहे. त्याच पुंजक्यांत ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या पेशीही असतात. शुगर घसरली की यकृताला साठवलेली साखर सोडायला लावणारं हे संप्रेरक. तेच कमी पडलं, तर इन्सुलिन जरा जास्त झालं तरी शुगर खाली जाते आणि आपसूक वर येत नाही.

सेन्सरचे पैसे वसूल झाले ते इथे. झोपताना १४०, सकाळी १२०, म्हणजे सगळं आलबेल वाटायचं. आलेखात दिसलं, पहाटे अडीचला ५८ आणि बाण खाली. अलार्म वाजल्यावर बोटाला टोचून बघितलं, तिथेही साठच्या आतच. डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केला. एचबीए१सी ही रक्तचाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते, तिच्यात असले खड्डे दिसत नाहीत.

दुसरा उपयोग पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलचा. (त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. आमच्या शाकाहारी घरात यावर बरीच चर्चा झाली, आता होत नाही.) कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घेतली की जेवणानंतरची रेष नेहमीसारखी चढते. उशिरा घेतली की अन्न नीट पचत नाही, इन्सुलिन मात्र आपलं काम करत राहतं आणि रेष खाली झुकते. निदान माझ्या आलेखात तरी असंच दिसलं.

आता तक्रारी. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने पट्टीच्या कडा सुटतात, वरून टेप लावावीच लागते. त्या कुशीवर झोपलं की दंड दाबला जाऊन खोटाच ‘लो’ दाखवतो. सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. ग्लुकोज पावडर घेतल्यावर तो लगेच हलत नाही, आणि माणूस घाबरून आणखी दोन चमचे घेतो. अशा वेळी बोटाला टोचून खात्री करावी. एक सेन्सर मुदतीआधीच बंद पडला. बदलून मिळाला, पण फोन करून करून जीव मेटाकुटीला आला.

एक सेन्सर १४ दिवस चालतो. सतत लावणं माझ्या खिशाला झेपत नाही. डोस बदलला, आजारपण आलं किंवा लांबचा प्रवास असला की लावतो, एरवी ग्लुकोमीटरवर भागवतो.