ऑक्सफर्डचे जुने टीएसए पेपर: फुकट आहेत, म्हणून हलके समजू नका

बँकेत 36 वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यात. कागदावर नसलेलं ओळखायचं, हाच तिथला धंदा. याच सवयीने मला या पेपरांत तोंडावर पाडलं.

नात इंग्लंडात रेडिंगला असते. 2023 साली तिने ऑक्सफर्डच्या पीपीईला, म्हणजे तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या एकत्र अभ्यासक्रमाला, अर्ज करायचं ठरवलं. त्यासाठी तेव्हा टीएसए (थिंकिंग स्किल्स असेसमेंट) ही विचारकौशल्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागे. मुलाचा फोन आला, "बाबा, तुम्हाला कोडी आवडतात ना, बसा जरा तिच्याबरोबर." जुलैपासून आठवड्यातून तीन रात्री आम्ही बसलो. डोंबिवलीत साडेनऊ, तिकडे संध्याकाळचे पाच.

पेपरचा पहिला भाग 50 प्रश्नांचा, वेळ 90 मिनिटं. अर्धे प्रश्न क्रिटिकल थिंकिंगचे, म्हणजे युक्तिवाद तपासायचे, अर्धे प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचे, म्हणजे आकड्यांच्या कोड्यांचे, आणि सगळे एकमेकांत मिसळलेले. प्रत्येकाला पाच ऑप्शन. कॅल्क्युलेटर चालत नसे, चुकलं तर गुण कापत नसत. एका प्रश्नाला आले 108 सेकंद. दुसऱ्या भागात अर्ध्या तासात निबंध. त्यात माझी लुडबुड नव्हती.

सुरुवात मात्र आम्ही या पेपरांनी केली नाही. मुलाने आधी एका ॲपची तीन महिन्यांची वर्गणी भरली होती. शेकड्याने प्रश्न, रंगीत आलेख, "तुम्ही इतक्या टक्क्यांत आहात" वगैरे. आठवड्याभरात मला शंका आली. प्रॉब्लेम सॉल्व्हिंग म्हणून दिलेली गणितं नुसत्या आकडेमोडीची होती, आणि क्रिटिकल थिंकिंगमध्ये दोन-दोन ऑप्शन बरोबर वाटत. एका प्रश्नाचं उत्तर तर सरळ चुकीचं होतं. मी पायऱ्या मांडून मेल केला, तर "आपल्या सूचनेबद्दल आभार" एवढंच उत्तर आलं. प्रश्न तसाच राहिला, पैसेही गेले.

खरे जुने पेपर ऑक्सफर्डनेच इंटरनेटवर फुकट ठेवले होते. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून, स्पायरल बांधून घेतले. पहिल्याच पेपरात फरक कळला. इथे पाचांतलं एकच उत्तर टिकतं आणि उरलेली चार का पडतात, ते बोट ठेवून दाखवता येतं.

नमुना म्हणून त्याच साच्यातला एक प्रश्न मीच रचून देतो. गावात पार्किंगला पैसे लावल्यापासून बाजारात येणारी माणसं कमी झाली. पार्किंग फुकट करा, गर्दी परत येईल. यात काय गृहीत धरलंय? मी असल्या प्रश्नाला हमखास "दुकानदारांचं नुकसान होतंय" वर खूण करणार. किती दुकानदारांचे हप्ते थकलेले पाहिलेत! नात म्हणाली, "आबा, तू तुझ्या डोक्यातलं वाचतोयस, कागदावरचं नाही." तिने रीत शिकवली: गृहीतक उलटं करून बघायचं, युक्तिवाद कोसळला तर ते खरं गृहीतक. नुकसान होत नसेल तरी गर्दी परतू शकते, म्हणजे माझं उत्तर बाद. गर्दी दुसऱ्याच कारणाने घटली असेल, तर मात्र सगळं कोसळतं. म्हणजे "गर्दी पार्किंगच्या पैशांमुळेच घटली" हे गृहीतक, तेच उत्तर. हे अंगी लागेपर्यंत तीन आठवडे मी 25 पैकी 14-15 च्या पुढे सरकलो नाही. नात 20 च्या वर.

प्रॉब्लेम सॉल्व्हिंगला पारडं फिरलं. हाही माझाच प्रश्न: मोठ्यांना तिकीट 7 पौंड, मुलांना 4, गल्ल्यात बरोबर 60 पौंड. कमीत कमी किती जण आले? ती समीकरण मांडून थांबली, "दोन अज्ञात, समीकरण एकच." अगं, 60 ला 4 ने भाग जातो, मुलांच्या पैशांनाही जातो, मग मोठ्यांच्या पैशांनाही जायला हवा, म्हणजे मोठी माणसं चारच्या पटीत. आठ मोठी, एक मूल, एकूण नऊ. पेनसुद्धा उचलायला नको. रोख मोजणाऱ्या माणसाला हे दिसतं.

उणीव एकच, पण मोठी. बहुतेक पेपरांना नुसती उत्तरसूची आहे. "सी", बस. का सी, ते नाही. एकट्याने बसलात तर चूक कळते, चुकीचं कारण कळत नाही. आमची अर्धी रात्र या "का" वर जायची, सून मागून ओरडायची की मुलीला जेवू द्या. म्हणून पाचातले चारच तारे. जोडीला कुणी भांडणारं असेल तर पाच.

मुलाखतीचं बोलावणं आलं, प्रवेश नाही मिळाला. ती आता दुसरीकडे अर्थशास्त्र शिकते आणि मजेत आहे.

आता टारा नावाची तशीच प्रवेश परीक्षा आली आहे, लंडनच्या यूसीएल विद्यापीठाने ती आपल्या काही अभ्यासक्रमांना लावली. त्यातही क्रिटिकल थिंकिंग आणि प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचे विभाग आहेत, प्रत्येकी 22 प्रश्नांना 40 मिनिटं. हिशेब केला तर प्रश्नाला 109 सेकंद, म्हणजे वेग तोच. परीक्षा संगणकावर असते, तेव्हा माझ्यासारखं छापून घेऊ नका, स्क्रीनवरच वाचायची सवय करा.

आपल्या एमबीए सीईटीवाल्यांनी मात्र जपून. शेजारचा मुलगा हौसेने स्पायरल घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत आणून दिलं. "काका, आमच्याकडे 200 प्रश्नांना 150 मिनिटं. एकाला 45 सेकंद. एवढा उतारा वाचेपर्यंत माझे दोन प्रश्न जातील." बरोबरच आहे त्याचं. स्पायरल आता माझ्याच टेबलावर असतं, दुपारच्या चहाबरोबर पाच प्रश्न.