शेऱ्यातली ‘बाकी’ लाल करायची: मॅक्रो, नियम की नुसतं कंट्रोल-एच?

आमच्या इंदूरच्या मंडळाची गणेशोत्सवाची वर्गणी काही वर्षांपासून एक्सेलमध्ये आहे. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशी वस्तीगणिक एकेक शीट, मिळून १४. शेवटचा रकाना ‘शेरा’. त्यात लिहिणाऱ्याच्या मनाला येईल ते: ‘५०१ दिले, बाकी २५०, विसर्जनाच्या आत देतो म्हणाले’. यंदा खजिनदार झालेल्या काकूंनी विचारलं, “सगळ्या शीटमधली ‘बाकी’ एका फटक्यात लाल होईल ना रे?” होते. पण तीन वाटा आहेत, आणि तिन्हींनी होणारं लाल वेगवेगळं असतं.

सगळ्यात सोपं कंट्रोल-एच, म्हणजे एक्सेलची ‘फाइंड अँड रिप्लेस’ची खिडकी. ‘ऑप्शन्स’ उघडा, ‘विदिन’मध्ये शीटऐवजी वर्कबुक निवडा, दोन्ही चौकटींत ‘बाकी’ लिहा, खालच्या चौकटीशेजारच्या ‘फॉरमॅट’मधून लाल रंग द्या आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबा. १४ शीट क्षणात उरकतात. अट एवढीच, की एक शब्द नाही, आख्खा शेरा लाल होतो. शिवाय ही चौकट मागचा रंग लक्षात ठेवते. मी एकदा तो पुसायला विसरलो आणि दुसऱ्या दिवशी एका देणगीदारांच्या आडनावातली वेलांटी सुधारली. वर्गणी पूर्ण भरलेले ते गृहस्थ छापील यादीत लालेलाल झळकले. तेव्हापासून काम झालं की आधी ‘क्लिअर’.

दुसरी वाट कंडिशनल फॉरमॅटिंगची. ‘मजकुरात बाकी असेल तर लाल’ असा नियम एकदा लावला की पुढचं एक्सेल बघतं. शेऱ्यातून ‘बाकी’ काढलं की रंगही जातो. रोज वसुली चालू असेल तर हेच हवं, कारण इतर दोन्ही वाटांनी दिलेला रंग पैसे आले तरी तसाच बसून राहतो. इथेही रंगतो पूर्ण सेलच. आणि शीट गटाने निवडून नियम लावता येत नाही, तो पर्याय तेव्हा बंदच असतो. म्हणजे नियम १४ वेळा लावा किंवा फॉरमॅट पेंटरने एकेका शीटवर न्या. पोरं ओळी कापून इकडच्या तिकडे चिकटवतात, तेव्हा नियमाचे तुकडे पडतात. दोन महिन्यांनी ‘मॅनेज रूल्स’ उघडलं तर एकाच नियमाच्या वीस नकला दिसतात.

तिसरी वाट मॅक्रोची, म्हणजे एक्सेलकडून काम करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, आणि खरी मजा तिथेच आहे. शेऱ्यातला फक्त ‘बाकी’ शब्द लाल आणि उरलेलं वाक्य काळं, हे एक्सेलमध्ये आपोआप करायचं तर या तिघांत मॅक्रोच लागतो. मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए एक्सेलमध्ये १९९३पासून आहे. रचना साधी: बाहेर एकेका शीटवरून जाणारा फेरा (लूप), आत वापरलेल्या प्रत्येक सेलचा फेरा. ‘इनस्ट्रिंग’ने शब्द कुठल्या अक्षरापासून सुरू होतो ते काढायचं आणि ‘कॅरेक्टर्स’ने तेवढीच अक्षरं रंगवायची. शब्द शेऱ्यात दोनदा असू शकतो, म्हणून सापडल्यावर पुढच्या अक्षरापासून परत शोधायचं. ‘रेकॉर्ड मॅक्रो’ने हे जमत नाही. तो तुम्ही जे दाबलं ते नोंदवतो, फेरा त्याला ठाऊक नाही.

मराठी माणूस पहिल्यांदा अडखळतो तो वेगळ्याच ठिकाणी. व्हीबीएच्या खिडकीत ‘बाकी’ टाइप केलं की चार प्रश्नचिन्हं उमटतात. ती खिडकी अजून देवनागरी धरत नाही. उपाय सोपा: एका शीटच्या ठरावीक सेलमध्ये शब्द लिहायचा आणि मॅक्रोला तिथून वाचायला सांगायचं. शब्द बदलायला मग कोडला हातही लावावा लागत नाही.

दुसरा घोळ ‘ऱ्या’चा. ‘दुसऱ्या’ किंवा ‘बऱ्हाणपूर’ शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो: एक नुक्ता असलेल्या र-ने, दुसरा साध्या र-ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे, एक्सेलला वेगळे. दोन जणांनी दोन कीबोर्डांवर यादी भरली असेल तर निम्मी नावं सापडतच नाहीत. शोधायचा शब्द दोन्ही रूपांत द्या.

आणि आपल्याकडे जुन्या याद्या बऱ्याचदा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतात, ते विसरू नका. तिथे पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरं असतात. युनिकोड ‘बाकी’ तिथे सापडणारच नाही. त्यात एकाच कळीवर शिफ्टशिवाय क आणि शिफ्टसह अर्धा क, म्हणून लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळणारा शोधच हवा. कंट्रोल-एचमध्ये ‘मॅच केस’ला खूण करा. नियमातला साधा ‘मजकुरात असेल तर’ हा फरक बघत नाही.

मॅक्रोची किंमतही मोजून घ्या. चालल्यावर अनडू रिकामं होतं, म्हणून आधी फाइलची नकल. फॉर्म्युल्याच्या किंवा आकड्याच्या सेलमधली निवडक अक्षरं रंगवता येत नाहीत, तिथे पूर्ण सेलच रंगवावा लागतो. कुलूप लावलेल्या शीटवर मॅक्रो एरर देऊन थांबतो. साध्या एक्सएलएसएक्स फाइलमध्ये मॅक्रो साठत नाही, एक्सएलएसएम लागते. अशी फाइल मेलने आली तर २०२२पासून एक्सेल तिचे मॅक्रो मुळातच अडवतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावं लागतं. पाठवणारा ओळखीचा असेल तरच करा. फोनवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाही. वर्गणी गोळा करणारी पोरं तर दारात उभी राहून फोनवरच नोंद करतात!

त्यांच्यासाठी यादी गुगल शीट्सवर नेली तर चित्र बदलतं. तिथलं ‘फाइंड अँड रिप्लेस’ सगळ्या शीटमध्ये शोधतं, पण रंग देत नाही. तिथली मॅक्रोसारखी सोय, ॲप्स स्क्रिप्ट, मात्र शब्दापुरता रंग देते आणि कोडमध्ये देवनागरीही लिहू देते. तिची भाषा जावास्क्रिप्ट, म्हणजे जुना व्हीबीए उचलून चिकटवता येत नाही. साध्या खात्यावर एक स्क्रिप्ट सहा मिनिटांत आटपावी लागते. १४ शीटना तेवढा वेळ पुष्कळ.

काकूंना मी मॅक्रो दिला नाही, निदान लगेच तरी. आधी विचारलं, रंग कशासाठी हवाय? “बाकी किती ते कळायला.” मग रंग हा त्याचा इलाजच नव्हे, कारण लाल सेलची बेरीज करणारं तयार सूत्र एक्सेलमध्ये नाही. शेऱ्याशेजारी ‘बाकी रक्कम’ असा वेगळा रकाना काढला आणि शून्यापेक्षा मोठा आकडा लाल करणारा नियम त्यावर लावला. बेरीज खाली आपोआप येते, फोनवरही दिसते. रकाना भरायला त्यांना दोन दुपारी लागल्या आणि त्यांनी मला त्याबद्दल ऐकवलंही.

मॅक्रो ठेवलाय तो वेगळ्या कामाला. सूचनाफलकावर लावायच्या यादीत शेरे जातात. त्यात ‘बाकी’ एवढाच शब्द लाल असला की वाचणारा बरोबर तिथे थांबतो, आणि माणसाचं आख्खं वाक्य लालभडक दिसत नाही. छपाईच्या आदल्या रात्री, नकलेवर, एकदाच चालवायचा. यंदा काकूंनी दुसऱ्या सेलमध्ये ‘येत्या रविवारी’ लिहून तोही निळा करून घेतला.