परवान्याचे रिव्हॉल्व्हर अंगावर बाळगताना: कंबर, बगल, खिसा की पिशवी?

शस्त्र परवान्यासाठी माणूस कित्येक महिने पोलीस ठाणे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो, शस्त्र निवडताना दहा जणांचा सल्ला घेतो आणि ते ठेवायचे होल्स्टर मात्र दुकानातून निघता निघता, समोर टांगलेले पाहून उचलतो. पुढे ते कंबरेला टोचते, उन्हाळ्यात घामाने चिकटते, बसताना बरगडीत घुसते, आणि पंधरा दिवसांत शस्त्र गाडीच्या खणात किंवा गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये पडून राहू लागते. परवानाधारकाच्या हातून घडणारी ही सर्वांत धोकादायक चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चोराच्या किंवा घरातल्या मुलाच्या हाती लागते ते असेच सोडून दिलेले शस्त्र. म्हणून आरामाचा विचार मी चैनीत धरत नाही. जे शस्त्र दिवसभर अंगावर सुसह्य असते तेच दिवसभर ताब्यात राहते.

झाकून बाळगणे हा आपल्याकडे केवळ आवडीनिवडीचा भागही नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर नेताना ते अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तत्सम पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या प्रभावी ताब्यात असले पाहिजे. लग्नाच्या मांडवात शर्ट वर सरकवून मूठ दाखवत फिरणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांच्यामुळे प्रामाणिक परवानाधारकाकडेही संशयाने पाहिले जाते. (आनंदाच्या भरात हवेत बार काढणाऱ्यांसाठी शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत, हे योग्यच झाले.)

तुलनेसाठी आपल्याकडे सर्रास दिसणारे कानपूरचे .32 बोअरचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर डोळ्यांसमोर ठेवतो. त्याचे वजन सुमारे 700 ग्रॅम असते. 2014 मध्ये आलेले टायटॅनियम मिश्रधातूचे ‘निर्भीक’ 500 ग्रॅमच्या आसपास भरते. अंगावर दोनशे ग्रॅमचा हा फरक संध्याकाळपर्यंत चांगलाच जाणवतो. पण रिव्हॉल्व्हरची खरी अडचण वजनापेक्षा सिलिंडरच्या फुगवट्याची आहे. पिस्तूल चपटे असल्याने कापडाखाली सपाट बसते, तर रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर नेमका कंबरेच्या हाडावर येतो आणि शर्टावर उंचवटा उठवतो.

पँटच्या आत, उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कुशीच्या किंचित मागे होल्स्टर अडकवणे, ही पद्धत माझ्या मते बहुतेकांसाठी सर्वांत चांगली ठरते. नळी आणि सिलिंडर पँटच्या आत गेल्याने बाहेर फक्त मूठ उरते, आणि सैल, न खोचलेला शर्ट तेवढी सहज झाकतो. चालताना, उभे असताना आणि खुर्चीवर बसताना ती फारशी टोचत नाही. मात्र तिच्या अटी पाळाव्या लागतात. पँट नेहमीपेक्षा कंबरेत एक-दोन इंच मोठी हवी आणि पट्टा जाड, दुपदरी, न वाकणारा हवा. बाजारातला पातळ शोभेचा पट्टा एवढे वजन पेलत नाही. मूठ बाहेरच्या बाजूला कलते, पँट एका अंगाला ओघळते आणि माणूस दर पाच मिनिटांनी ती वर ओढत राहतो. लपवलेल्या वस्तूची चुगली सर्वांत आधी ही सवयच करते.

या पद्धतीची दुसरी परीक्षा आपल्या बसण्याउठण्यात होते. पंगतीत मांडी घालून बसले की मूठ बरगडीखाली रुतते आणि वाढायला पुढे वाकले की शर्ट मागून ताणून तिचा आकार दिसतो. तेव्हा कंबरेतून वाकण्याऐवजी गुडघ्यातून खाली बसण्याची सवय लावावी लागते. देशी पद्धतीच्या शौचालयात तर पट्टा सुटताच सगळे वजन खाली खेचले जाते, आणि होल्स्टरची पकड सैल असेल तर शस्त्र फरशीवर आदळते. विकत घेताना होल्स्टर उलटे धरून, रिकामे रिव्हॉल्व्हर निसटते का, हे पाहावे, ते याचसाठी.

तेच होल्स्टर पँटच्या बाहेर, पट्ट्यावर लावले तर आराम निश्चित वाढतो, कारण शरीरावर थेट दाब येत नाही. पण नळीचे टोक पट्ट्याच्या बरेच खाली येते, त्यामुळे शर्ट लांब हवा किंवा वर जाकीट हवे. मोटारसायकलवर वाऱ्याने शर्ट उडाला की सगळे उघडे पडते. रोज चारचाकीने फिरणाऱ्या आणि सफारी घालणाऱ्या माणसाला ही पद्धत जमते. दुचाकीस्वाराला मी ती सुचवणार नाही.

पोटाच्या पुढच्या भागात होल्स्टर लावणारेही अनेक आहेत. तिथे हात पटकन पोहोचतो, गर्दीत शस्त्रावर लक्ष राहते आणि सडपातळ माणसाच्या अंगावर ते छान लपते. परंतु बसल्यावर नळीचा रोख थेट जांघेकडे आणि मांडीच्या मुख्य रक्तवाहिनीकडे राहतो, आणि पोट थोडे जरी सुटलेले असेल तरी गाडी चालवताना मूठ पोटात घुसते. ज्याला नियमित सराव नाही त्याने हा मार्ग धरू नये. पाठीच्या कण्यावर होल्स्टर लावणे तर कोणीच करू नये. दुचाकीवरून उताणे पडल्यास तो लोखंडाचा तुकडा मणक्यावर आदळेल.

झब्बा-पायजमा घालणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण नाडी वजन पेलत नाही. त्यांच्यासाठी पोटाला गुंडाळायचा रुंद इलास्टिक पट्टा किंवा बगलेतले होल्स्टर असे दोनच व्यवहार्य पर्याय उरतात. बगलेतल्या होल्स्टरमध्ये वजन दोन्ही खांद्यांवर विभागले जाते आणि लांब प्रवासात ते फार सुखाचे वाटते. मात्र वरून बंडी किंवा नेहरू जाकीट चढवावेच लागते आणि ते दिवसभर काढता येत नाही. महाबळेश्वरला हे चालेल. मे महिन्यात नागपूरला किंवा पावसाळ्यात रत्नागिरीला हा त्रास कोणी किती दिवस सोसेल? इलास्टिक पट्टा कपड्यांखाली उत्तम लपतो आणि सलवार-कमीज घालणाऱ्या स्त्रियांनाही सोयीचा पडतो, पण तो घाम धरून ठेवतो, आणि नुसते कापड चापाला, म्हणजे गोळी झाडण्यासाठी बोटाने दाबायच्या खटक्याला, संरक्षण देत नाही. चाप पूर्ण झाकणारा कडक कप्पा शिवलेला असेल तरच तो घ्यावा.

खिशाबद्दल थोडक्यात सांगतो: नुसत्या खिशात, किल्ल्या आणि सुट्या पैशांबरोबर, भरलेले शस्त्र कधीही ठेवू नये. काडतुसावर आघात करणारा मागचा, बाहेर आलेला घोडा अस्तरात अडकतो आणि चापाभोवतीच्या कडीत काहीही शिरू शकते. घोट्यावरचे होल्स्टर चपला घालणाऱ्यांच्या देशात फारसे उपयोगाचे नाही.

साडी नेसणाऱ्या स्त्रीला पर्स अपरिहार्य वाटते, आणि स्वतंत्र, बंद होणारा कप्पा व त्यात पक्के होल्स्टर असेल तर ती चालू शकते. पण पर्स खुर्चीला अडकवली जाते, नातवाच्या हाती दिली जाते आणि हिसकावलीही जाते. ती खांद्यावरून उतरली की शस्त्र ताब्यातून गेले, असे समजावे.

साहित्याबाबत मी पूर्वी चामड्याच्या बाजूचा होतो. ते अंगाला मऊ लागते आणि आवाज करत नाही. पण एका पावसाळ्यात मी रिव्हॉल्व्हर आठवडाभर चामडी होल्स्टरमध्येच कपाटात ठेवले, आणि काढले तेव्हा सिलिंडरवर तांबूस गंजाची रेघ आणि काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर आला होता. चामडे ओल शोषते आणि कमावताना वापरलेली रसायने धातूला खातात. कायडेक्स हे कडक प्लास्टिक घाम शोषत नाही, आकार सोडत नाही आणि शस्त्र काढल्यावर त्याचे तोंड मिटत नाही. उघड्या त्वचेला मात्र ते काचते, म्हणून आत सुती बनियन हवीच. कोकणात राहणाऱ्याने कायडेक्सच घ्यावे. कोरड्या हवेत चामडे चालेल, फक्त रात्री शस्त्र त्यातून काढून, पुसून, तेलाचा हलका हात फिरवून कुलपात ठेवावे.

परवान्याच्या अटींनुसार जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा आणि शाळा-महाविद्यालयाचे आवार येथे शस्त्र नेता येत नाही, आणि निवडणुकीच्या काळात ते ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. त्यामुळे रोज काढावे-घालावे लागणारे होल्स्टर पट्टा न सोडता, शस्त्रासकट एकत्र निघणारे असेल, तर चापाजवळ बोट नेण्याची वेळच येत नाही. घरात कुलूपबंद पेटी ही खरेदीच्या यादीत होल्स्टरच्याही आधी हवी.

निवड पक्की करण्यापूर्वी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत, सिलिंडरची सहाही घरे डोळ्यांनी आणि बोटाने तपासावीत, आणि रिकामे रिव्हॉल्व्हर लावून सुटीचा एक दिवस घरातच वावरावे. मांडी घालावी, बुटाची नाडी बांधावी, माळ्यावरचा डबा काढावा, दुपारी तासभर खुर्चीत बसावे. संध्याकाळी कंबरेवर लाल वळ उठला असेल किंवा घरच्यांनी शर्टाखाली काय आहे असे विचारले असेल, तर ते होल्स्टर परत करावे.